स्लॅबवरची बांधी

आषाढ लागला की लोकांना कविता सुचतात. मला डांबर सुचतं. आभाळ भरून आलं, वारा पडला, समोरच्या कडुलिंबातले कावळे गप्प झाले की माझ्या छातीत धडकी भरते ती आमच्या गॅरेजच्या स्लॅबची. आज सकाळपासून झड लागली आहे. झड म्हणजे आमच्या ब्रह्मपुरीकडचा तो पाऊस, जो येत नाही की जात नाही, नुसता घरच्यासारखा राहतो. कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, माचिस पेटत नाही. आणि मी पोळ्या लाटता लाटता मधेच उठून मागच्या दारानं गॅरेजमध्ये जाते, मान वर करून बघते. टप्. गाडीवर ताडपत्री आहे म्हणून टप्. नसती तर टिंग आवाज आला असता. इतकी वर्षं हेच ऐकल्यावर माणसाला गाण्यातलं कळायला लागावं, पण माझं नशीब असं की मला फक्त गळण्यातलं कळतं.

गाडी माझी आहे, हे आधी सांगून ठेवते. मी आरोग्यखात्यात सिस्टर होते. सारी नोकरी झाडीतल्या खेड्यांत गेली. काळी-पिवळी जीपमध्ये मागच्या पत्र्यावर बसून, मांडीवर लसींचा डबा, पायाशी कुणाची तरी कोंबडी, अशी मी आयुष्यभर फिरले. तेव्हाच ठरवलं होतं की रिटायर झाले की स्वतःची गाडी घेईन आणि तिच्यात कोंबडी बसू देणार नाही. घेतली. मरून रंगाची, लहानशी, माझ्या नावावर. चालवायलाही शिकले. आमचे गुरुजी बाजूला बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. गुरुजी म्हणजे माझे यजमान. शाळामास्तर होते, सारं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मग मीही तेच म्हणते. रागावले तरी गुरुजीच म्हणते, फक्त आवाज बदलतो.

तर गाडी आली म्हणून गॅरेज आलं. सरळ टिनाचे पत्रे टाकले असते तर हा लेख लिहायची पाळी आली नसती. पण गुरुजी म्हणाले, टिनाचा पावसात गजब आवाज होते, आपन स्लॅबच टाकू. जागा एकच होती, घराच्या पूर्वेला, कंपाऊंडच्या भिंतीला चिकटून. आणि भिंतीच्या पलीकडे भाऊ.

भाऊ म्हणजे माझे भासरे, गुरुजींचे थोरले भाऊ. बापानं ठेवलेला प्लॉट दोघांनी अर्धा अर्धा वाटून घेतला, मधे भिंत घातली. तोवर ठीक होतं. नंतर दोघांचं बोलणं बंद झालं आणि भिंत जणू उंच झाली. ती मोजली तर माझ्या खांद्याएवढीच आहे. जाऊबाई आणि मी त्या भिंतीवरून सारा संसार केला. पावसाळ्यात जंगलातून वास्ते येतात, बांबूचे कोवळे कोंब. त्यांची भाजी माझ्या हातची बाईंना आवडते, त्यांच्या हातची बरबटीची उसळ मला. वाटी इकडून तिकडे जायची, तिकडून इकडे यायची, रिकामी कधी परत गेली नाही. पण हे दोघे भाऊ? रस्त्यात समोर आले तर एक जण आभाळाकडे बघे, दुसरा चपलेकडे. मला वाटायचं, एकेकाच्या कानाला धरून भिंतीशी उभं करावं.

भांडण कशाचं? पाण्याचं. आमच्याकडे दुसऱ्या कशाचं भांडण होत नाही. नदीच्या बाजूला यांची धानाची शेती आहे. धानाच्या शेताचा एकेक सपाट तुकडा म्हणजे बांधी, आणि तिच्या चारी बाजूंनी पाणी अडवणारा मातीचा बांध म्हणजे धुरा. वरची बांधी गुरुजींच्या वाट्याला आली, खालची भाऊंच्या. वरच्यानं धुऱ्याला तोंड पाडलं की खालच्याला पाणी. एका श्रावणात पावसानं दडी मारली. वरच्या बांधीत पाणी होतं, खालची भेगाळली. भाऊ मागायला आले. गुरुजी म्हणाले, थांब थोडा, माझं धान भिजू दे. भाऊ थांबले. मग परत आले. गुरुजी पुन्हा थांब म्हणाले. एक दिवस पहाटे भाऊंनी फावडं घेतलं आणि धुरा फोडला. आणि आमच्या या शिकलेल्या, पोरांना सुविचार सांगणाऱ्या माणसानं, भर चौकात, चार लोकांसमोर सख्ख्या भावाला चोर म्हटलं.

भाऊ एक शब्द बोलले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. पुढे दोघांचे गुडघे गेले, दोघांनी शेती ठेक्यानं दिली. आता त्या बांध्यांत पाणी कुठून येतं, कुठं जातं, दोघांनाही ठाऊक नाही. शेती दुसऱ्याला दिली, भांडण मात्र स्वतःच कसायला ठेवलं. त्याचं पीक दरसाल भरघोस.

स्लॅब टाकायचा दिवस मला लख्ख आठवतो. मजुरांसाठी मी मोठ्या गंजात वरण शिजवत होते. देवाजी मिस्तरी गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून वर उभा. हा देवाजी म्हणजे बोलण्यात एक नंबर आणि कामाच्या दिवशी नेमका कुणाच्या तरी तेरवीला. त्या दिवशी मात्र आला होता, आणि आयुष्यात एकदाच शहाण्यासारखं बोलला.

"गुरुजी, ढाळ भिंतीकडं देऊन राह्यलो. जमिनीचा उतारच तिकडं हाय. पानी आपोआप निंगून जाईन."

"ढाळ नाई पाहिजे. सपाट कर."

"अजी, छताले ढाळ लागते."

"मले नको शिकवू. बांधी तिरपी रायते का?"

मी खालून हसले. म्हटलं, घ्या! मास्तरकी केली तरी रक्त धानवाल्याचंच. आमच्याकडे बांधी सपाट करणं ही अब्रूची गोष्ट असते. चिखलणी झाल्यावर पाणी साऱ्या बांधीत सारखं उभं राहिलं पाहिजे, इथं घोटाभर आणि तिथं कोरडं असलं की लोक बापाचा उद्धार करतात. गुरुजी स्वतः शिडी चढले, पाण्याची लेव्हल नळी घेऊन कोपरान्‌कोपरा तपासला. जिथं उतार वाटला तिथं माल टाकून भरून घेतला. देवाजी मान हलवत खर्रा थुंकला. संध्याकाळी माझ्या स्लॅबएवढा सपाट स्लॅब साऱ्या तालुक्यात नव्हता.

झालं! पावसाळा आला आणि स्लॅबवर तळं झालं. तेही कसं, अगदी सारखं, एकाच पातळीचं, शाबासकी द्यावी असं. एके सकाळी बघते तर वर बगळा उभा. एक पाय पोटाशी घेऊन, स्वतःच्या शेतात असल्यासारखा. मी खालून चप्पल दाखवली, तो दोन पावलं सरकला आणि पाण्यात चोच घालून त्यानं काहीतरी गिळलं. माझ्या गॅरेजवर मासे पकडून राह्यला होता की काय, देव जाणे. आणि खाली गाडीच्या बॉनेटवर पांढरे ओघळ. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि थेंबाथेंबानं पडतो, तो मरून रंगावर असा बसतो की लिंबू घासा, साबण घासा, नशीब घासा, जात नाही.

मग आमचे उपाय सुरू झाले. पहिल्यांदा डांबर. सारं घर रस्ता दुरुस्तीसारखं घमघमलं, माझ्या दोन साड्या गेल्या. त्याच्यावर पुढच्या वर्षी जाड प्लास्टिक. ते माकडांनी फाडलं. मग दुकानदारानं पांढरी पावडर दिली, ती सिमेंटमध्ये कालवून थर दिला. मग कुणी म्हणालं फुटक्या फरशीचे तुकडे लावा, ते लावले. कडेवरून पाणी ओसंडून भिंतीवर यायला लागलं, तर गुरुजींनी स्वतःच्या हातानं चारी बाजूंची कड वीतभर उंच केली. प्रत्येक उपायानंतर पुढच्या पावसात आम्ही दोघं वर जाऊन बघायचो, आणि स्लॅब आधीपेक्षा जास्त पाणी धरून बसलेला असायचा. धरणारच! आम्ही तळ पक्का करत होतो आणि धुरा उंच करत होतो. गळणं तेवढं थांबत नव्हतं, कारण इतकं पाणी डोक्यावर घेऊन उभं राहायला लागलं की कुठून ना कुठून पाझर फुटतोच. माणसालाही फुटतो.

मी तेव्हा खूप विचार करायची. आमच्या या भागात जाल तिथं तलाव आहेत, बोड्या म्हणजे लहान तळी आहेत, बांध्या आहेत. आमच्या आज्या-पणज्यांनी पाणी अडवायचं असं शिकून घेतलं की थेंब वाया जाऊ देत नाहीत. पाऊस कमी पडला तर हे शहाणपण, जास्त पडला तरी हेच. पण छप्पर ही गोष्ट पाणी घालवायची आहे बापा, धरायची नाही. हे साधं वाक्य मी गुरुजींना वेगवेगळ्या आवाजांत सांगितलं. प्रेमानं सांगितलं, ओरडून सांगितलं, त्यांच्या जेवणाच्या ताटासमोर बसून सांगितलं.

"अजी, एक पाईप काढा ना. भोक पाडा, पाईप काढा, संपलं."

"काढतो."

काढला. पण कुठं? समोर, फाटकावर. स्लॅब सपाट, त्यामुळे पाणी आपणहून तिकडे जायला तयार नाही. झाडूनं लोटत न्यावं लागायचं. आणि जे काय जायचं ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर. दूधवाला भिजला, पेपरवाला भिजला, आमच्या मुलीला बघायला आलेले पाहुणे भिजले. ते स्थळ मोडलं ते पाण्यामुळे नाही, पण मी ते पाण्याच्याच खात्यात टाकलंय. शेवटी गुरुजींनी त्या पाईपात चिंधी कोंबली.

भाऊंचा मुलगा प्रशांत चंद्रपूरला इंजिनियर आहे. बाप आणि काका बोलत नसले तरी तो दोन्ही घरी जेवतो, पोरगा गुणाचा. तो एकदा वर चढला, इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाला, "काकू, हे काय हो? पूर्वेकडं कड फोडा अन् पाईप द्या. आमच्या अंगनात पडू द्या पानी. एका दिवसाचं काम हाय."

गुरुजी खालून म्हणाले, "त्या बाजूनं नाई."

"पन काका..."

"नाई म्हनलं ना."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बांधीची अब्रू वगैरे काही नव्हतं. या माणसानं स्लॅब सपाट केला तो उतार भाऊंच्या बाजूला जात होता म्हणून! म्हणजे माझी गाडी, माझ्या साड्या, माझी शांती, सगळं या दोन म्हाताऱ्यांच्या अबोल्यात भिजून राह्यलं होतं. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. गुरुजींनी चिवडा खाल्ला आणि मुकाट झोपले.

आता ज्या पावसाळ्याची आठवण मला दर आषाढात चावते, तो सांगते. त्या वर्षी जूनमध्येच प्रशांतनं जाहीर केलं होतं की यंदा धान कापणी झाली की तो आई-बाबांना कायमचं चंद्रपूरला नेणार. भाऊ थकले होते. श्वास लागायचा. जाऊबाई भिंतीवरून वाटी देताना म्हणाल्या, "आता काय वं, पोरगा जा म्हनीन तिकडं जावं लागते." त्यांचे डोळे भरले आणि माझेही. त्या रात्रीपासून मला एकच घोर लागला. हे दोघे आता नाही बोलले तर कधी बोलतील? चंद्रपूर काही अमेरिका नाही, पण न बोलणाऱ्याला अंगणही लांब. मग एक दिवस फोन येईल, आम्ही गाडी काढून जाऊ, आणि गुरुजी काय बोलायचं ते प्रेताशी बोलतील. हे मी त्यांना असंच, याच शब्दांत सांगितलं. त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

त्या आषाढात झड अशी लागली की वरच्या धरणाची दारं उघडली, वैनगंगा पसरली, गडचिरोलीचा रस्ता बंद. आणि इथं स्लॅबच्या खालचा पोपडा सुटून थेट माझ्या गाडीच्या समोरच्या काचेवर पडला. काचेला जाळं झालं. मी गॅरेजमध्ये उभी राहून रडले. होय, काचेसाठी रडले, मला लाज नाही. गुरुजी आले, पोपडा उचलला, उलटा-पालटा करून बघितला, जसा काही पोराचा गृहपाठ आहे, आणि म्हणाले, "देवाजीले बोलावतो." देवाजी धानाच्या रोवणीला गेला होता. त्या दिवसांत आमच्याकडे मिस्तरी, सुतार, न्हावी, सगळे चिखलात वाकलेले असतात. छप्पर पडलं तरी रोवणी संपेपर्यंत थांबा.

श्रावण आला आणि पाऊस एकदम थांबला. ऊन असं पडलं की अंगण वाळून खडखडीत. दिवसामागून दिवस आभाळ निळंशार. लोक धानाकडे बघून उसासे टाकायला लागले. साऱ्या ब्रह्मपुरीत पाणी होतं फक्त आमच्या स्लॅबवर. आमच्या डांबर-पावडर-फरशीनं ते असं धरून ठेवलं होतं की वर शेवाळ, त्यावर चतुर भिरभिरतात, आणि ऊन लागून पाणी कोमट झालेलं. टपकणं चालूच. बाहेर दुष्काळ आणि माझ्या गाडीवर पाऊस!

अशा एका दुपारी नवी सिस्टर आली. घरोघरी डासांच्या अळ्या तपासतात ना, त्या कामावर. मीच शिकवलेली मुलगी. लाजत म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी काय तपासायचं? तरी सही पाहिजे म्हणून..." टाकी बघितली, कुंड्या बघितल्या, फ्रिजच्या मागे बघितलं. सगळं चकचकीत. मग तिची नजर शिडीवर गेली. वर चढली. मग वरून हळूच, "मॅडम... अळ्या आहेत." तिनं हातातली वाटी दाखवली. वळवळ, वळवळ. मी, जिनं सारी हयात गावोगाव फिरून बायांना कोरडा दिवस पाळायला सांगितलं, आठवड्यातून एकदा भांडी उपडी करा म्हणून घसा कोरडा केला, त्या माझ्याच डोक्यावर अळ्यांचं गोकुळ! मुलगी म्हणाली, "मी लिहीत नाही, मॅडम." मी म्हटलं, "लिही. माझं नाव मोठ्या अक्षरात लिही."

ती गेली आणि मी गुरुजींपुढे उभी राहिले. ते ओट्यावर बसून दाढी करत होते.

"आता सांगा. त्या बाजूनं काऊन नाई? इतका राग? इतक्या वर्षांचा?"

अर्ध्या गालावर साबण तसाच. मला वाटलं रेडिओकडे हात जाईल. नाही गेला. ते म्हणाले, "राग नाई वं."

"मग?"

"कोन्या तोंडानं सोडू? मांगतलं तवा देल्लं नाई. पान्याबिना धान जयून राह्यलं होतं त्याचं, तवा देल्लं नाई. चोर म्हनलं. अन् आता छतावरचं धोनं त्याच्या अंगनात टाकू? त्याले वाटीन, याच्या घरचं खराब पानी तेवढं आमाले."

बाई गं. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला माज समजत होते ती लाज होती. माझा राग त्यामुळे कमी झाला असं कुणाला वाटेल. उलट वाढला. लाज वाटते तर भिंतीपाशी जाऊन दोन शब्द बोल ना माणसा! त्याला स्लॅब सपाट करायची काय गरज? माजाला निदान औषध असतं, या लाजेला काय देऊ, पॅरासिटामॉल?

मी पेटीतून छन्नी-हातोडा काढला, पदर खोचला आणि शिडी चढले.

पूर्वेच्या कडेवर बसले आणि घाव घालायला लागले. गुरुजींनी सिमेंट हात सैल सोडून वापरलं होतं, कपची निघता निघेना. पाठीवर ऊन, पायाखाली ते कोमट पाणी, बांगड्या खणखण. भिंतीपलीकडून जाऊबाईंचा आवाज आला, "अवं, काय करून राह्यली वर?"

"धुरा फोडून राह्यली, बाई!"

पलीकडे खाटेचा करकर आवाज. भाऊ उठले होते. इकडे गुरुजी शिडीच्या मध्यावर, गालावर साबण वाळलेला, "अवं थांब, थांब म्हनतो ना" करत. मी म्हटलं, आज कुणाचं ऐकायचं नाही. पाच-सात घाव आणखी घातले आणि कडेचा एक तुकडा सुटून पलीकडे पडला. पाणी क्षणभर थबकलं आणि मग शेवाळ, पानं, अळ्या, सगळ्यांसकट भाऊंच्या अंगणात धो धो पडायला लागलं.

मी डोळे मिटले. आता ओरडतील. चोर कोण ते आज ठरेल. पण ओरडणं आलं नाही, म्हणून वाकून खाली बघितलं.

भिंतीच्या कडेनं, बरोबर जिथं पाणी पडत होतं तिथून, एक नाली काढलेली होती. स्वच्छ, गवत खुरपलेलं, तळ पायानं चोपून बसवलेला. ती अंगण ओलांडून परसात जात होती, आणि परसात भाऊंची बांधी. खाटेहून थोडी मोठी, चारी बाजूंनी बोटभर उंचीचा धुरा, आत चिन्नोर धानाचे परे, म्हणजे रोपं, उन्हानं पिवळी पडलेली. शेती ठेक्यानं दिल्यावर हात गप्प बसेनात म्हणून भाऊ दरसाल एवढंसं धान लावत. ते मला ठाऊक होतं. नालीचं ठाऊक नव्हतं. भिंतीला लागून असल्यानं इकडून ती दिसतच नाही, आणि स्लॅबवर मी नेहमी पाण्याकडे बघायला चढले, पलीकडे कधी बघितलं नाही; गुरुजी तर त्या बाजूला मानही वळवत नसत.

जाऊबाई वर बघून म्हणाल्या, "दरसाल मिरगाच्या आधी नाली साफ करते हे. तुमी स्लॅब टाकला तवापासून. मी म्हनो, काऊन करता, कोन पानी देऊन राह्यलं तुमाले? तं म्हने, वरचं पानी हाय, कवा ना कवा खाली येतेच."

माझ्या हातातला हातोडा खाली ठेवला गेला. गुरुजी तोवर वर पोचले होते. त्यांनी ते ऐकलं. नाली बघितली, पिवळे परे बघितले. खाली भाऊ फावड्यावर रेलून पाण्याच्या तोंडाशी उभे. पाणी नालीतून धावलं, बांधीत शिरलं, भेगांत झिरपलं, मग हळूहळू वर यायला लागलं. दोघेही भाऊ त्या पाण्याकडे बघत होते, एक वरून, एक खालून, आणि दोघांचं तोंड अगदी सारखं उघडं. बापाचं तोंड म्हणे असंच होतं.

मग भाऊंनी हात वर केला. धाप लागलेल्या आवाजात, पण शेतात देतात तशी हाक दिली, "नाम्या! बस झालं! बांध आता, परे बुडतीन!"

नाम्या! साऱ्या गावाचे गुरुजी, सुविचारवाले. मी लग्न होऊन आल्यापासून हे नाव विसरले होते. आणि गुरुजी? तिथंच, त्या घाण पाण्यात मटकन बसले, खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याचा बोळा केला आणि मी फोडलेल्या तोंडात दोन्ही हातांनी दाबून धरला.

"बांधलं, भाऊ."

"पाझरते का?"

"नाई. पक्कं हाय."

"मग खाली ये. किती वेळ उन्हात बसशीन?"

गुरुजी उठले नाहीत. बोळा दाबत म्हणाले, "भाऊ, मी त्या टायमाले..." भाऊंनी हवेत हात झटकला, "पानी आलं ना? झालं तं मग." आणि वळून परे बघायला गेले. एवढंच. कितीएक वर्षांचं भांडण आणि त्याची समाप्ती ही! मी आपली छन्नी हातात घेऊन बसलेली, घामानं डबडबलेली, आणि माझ्याभोवती अर्ध्याहून जास्त पाणी तसंच उभं. मी ज्यासाठी वर चढले होते ते काम या दोघांनी मिळून बुजवून टाकलं होतं.

तेव्हापासून हे असं आहे. रोवणी संपल्यावर देवाजी आला, त्या भोकात पाईप बसवला. गुरुजींनी सुताराकडून त्याला लाकडी बूच करून घेतलं. जगात कुठं छताच्या पाईपाला बूच असतं का, सांगा मला! पण आमच्याकडे आहे. सकाळी चहाच्या वेळी गुरुजी भिंतीपाशी जातात. "सोडू का, भाऊ?" पलीकडून विचार करून उत्तर येतं. "आज नाई. उद्या पाहू." मग स्लॅबवर पाणी राहतं. मी औषध टाकते, अळ्या होऊ देत नाही, पण टपकणं टपकतंच. मी एकदा भिंतीवरून म्हटलं, "भाऊजी, तुमची बांधी भरली असेल तर पुढं रस्त्याच्या नालीत जाऊ द्या ना पाणी." भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही अभद्र बोलले. म्हणाले, "कामाचं पानी हाय बाई. नालीत काऊन?"

तेच, आमच्या घरचं धोनं.

आज झड आहे. बांधी भरलेली, म्हणून बूच घट्ट, म्हणून टप्. मघाशी प्रशांतचा फोन आला. कापणी झाली की नेतो म्हणाला होता, त्याला दोन कापण्या उलटून गेल्या. दर वेळी भाऊ म्हणतात, परे कोन पाहीन. आता तो काकुळतीला आलाय. "काकू, माणसं आनतो. एका दिवसात स्लॅबले ढाळ देऊन टाकतो, रस्त्याच्या बाजूनं. बुचाची झंझटच संपते. तुमची गाडी बी वाचीन. अन् मग बाबालेबी समजवता येईन, की इथं आता काय अडून राह्यलं तुमचं?"

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं याच एका वाक्याची तर वाट बघितली. गॅरेजमध्येच उभी होते फोन घेऊन, डोळ्यांसमोर बॉनेटवरचे पांढरे ओघळ. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, "नाम्या, थोडं सोड गा! परसातलं उतरलं!" भर झडीत बांधी कशी उतरते, ते भाऊच जाणोत. आणि गुरुजी, ज्यांना औषधाच्या गोळीसाठी उठायचं तर गुडघे आठवतात, ते अर्धा चहा ठेवून, छत्री न घेता शिडीकडे धावले.

प्रशांत म्हणाला, "काकू? ऐकून राह्यल्या ना? आनू का माणसं?"

मी म्हटलं, "यंदा राहू दे रे." आणि फोन ठेवून गाडीवरची ताडपत्री नीट करायला गेले.